स्लॅबवरचा पत्रा

कोकण रेल्वेत खिडकी मिळाली की मी छपरं बघत बसते. बोगदे, खाड्या, पानवलचा पूल बघणारे डब्यात पुष्कळ असतात, त्यांचं त्यांना लखलाभ. चिपळूण सुटल्यापासून कणकवली येईपर्यंत घरांच्या डोक्यावर काय काय चाललंय ते बघण्यात माझा वेळ जातो. आधी गवत नाहीतर चुडतं, मग नळे, मग मंगलोरी कौलं, मग स्लॅब. आणि आता स्लॅबवर पत्रा. निळा, हिरवा, विटकरी, कुठे कुठे डोळ्यांत खुपेल असा लाल. लोखंडी पाइपांवर उभा केलेला, दोन्ही बाजूंना उतार, खाली सपाट गच्ची.

म्हणजे बघा, उतरतं छप्पर काढून सपाट केलं, त्याला पैसे. सपाट गळायला लागलं, त्याच्या वॉटरप्रूफिंगला पैसे. तरी गळलं, म्हणून वर पुन्हा उतरतं छप्पर, त्याला पैसे.

माझी नोकरीची बरीच वर्षं मुंबईत एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढण्यात गेली. तिथे या पत्र्याचा विषय निघाला की सगळे नाक मुरडायचे. दिसायला तो वाईट आहेच, त्यात वाद नाही. पण 'सस्टेनेबल' म्हणून गुळगुळीत कागदावर कोकणातली जी घरं छापून येतात, त्यांच्यापेक्षा हा पत्रा मला अधिक अक्कलवाला वाटतो. त्या घरांना समुद्राकडे तोंड करून काचेची भिंत असते, आत एसी, वर शोभेचं गवत, पुढ्यात पोहायचा तलाव आणि नावात कुठेतरी 'इको'. पत्रा मात्र गावोगावचे वेल्डर आणि घरमालक यांनी कुठल्याही तज्ज्ञाला न विचारता शोधून काढला. तो कशावरचा उपाय आहे ते नीट पाहिलं की कोकणातल्या घराचं खरं दुखणं सापडतं. ते पावसाचं नाही. पाऊस पहिल्यापासून होता, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पावसात कौलारू घरं शंभर-शंभर वर्षं उभी राहिली.

आमचं देवगड तालुक्यातलं घर तसंच. जांभ्याचं जोतं, चिऱ्यांच्या जाडजूड भिंती, पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, मागे रांधपाची खोली. छपराला आईन-किंजळीचे वासे, पोफळीच्या रिपा. 'जुनं लाकूड होतं म्हणून टिकलं' असं सगळे म्हणतात. लाकूड चांगलंच होतं, पण टिकलं ते घरात माणसं होती म्हणून. चूल पेटायची, तिचा धूर वाशांमधून फिरत कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. त्या धुराने वासे काळेकुट्ट आणि कोरडे राहायचे, किडीला नकोसे व्हायचे. आणि मे महिन्यात कौलं परतली जायची.

हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक माणूस आढ्याशी चढायचा. रिपांवर पाय कुठे द्यायचा हे त्याला न बघता कळायचं. एकेक कौल उचलून तो बोटाच्या पेराने टिचकी मारायचा. खणखणीत वाजलं की ते परत जागेवर, बद्द वाजलं की खाली. खालचा माणूस ते झेलून बाजूला टाकायचा आणि परसातल्या थप्पीतलं एक साबूत कौल वर द्यायचा. नळीत साचलेली पानं, शेवाळ, उंदरांनी नेऊन ठेवलेल्या सुपाऱ्या, सगळं त्यात निघायचं. दोन-चार दिवसांत घर पुढच्या पावसाला तयार. साहित्य नवं लागायचं ते मूठभर. लागायची ती माणसं. आज ज्याला 'लो मेंटेनन्स' म्हणतात, त्याच्या बरोब्बर उलटं हे घर होतं. दरवर्षी हात लावायला लागणारं, आणि लावला तर कायमचं टिकणारं.

आता त्या घराला कुलूप आहे. काकी होती तोवर पणती लागायची. गुडघ्यांनी दावा मांडल्यावर तीही कणकवलीला लेकीकडे गेली. गणपतीला उघडतं, शिमग्याला उघडतं, मे महिन्यात आंब्याच्या निमित्ताने आठ-दहा दिवस. अर्ध्याअधिक वाडीचं हेच. आणि बंद घराशी कौलांचं जमत नाही. जुलैत एखादा वांदर छपरावरून उडी मारतो, एक कौल चार बोटं सरकतं. घरात माणूस असता तर संध्याकाळपर्यंत त्याखाली पातेलं आलं असतं आणि उघाड मिळताच कौल जागेवर गेलं असतं. माणूस नाही, म्हणून त्या चार बोटांतून सप्टेंबरपर्यंत धार. भिजतं ते कौल नाही, वासा. गणपतीला दार उघडावं तर वाशाला बोटाने खड्डा पडतो आणि खाली भिंत मातीची असेल तर तिचा पोटमाळ्याजवळचा भाग चिखल होऊन बसलेला असतो. (वांदरांबद्दल मी आणखी लिहू शकते, पण नारळ-सुपारीवाल्यांनी तो विषय माझ्याहून चांगला मांडलेला आहे.)

स्लॅब कोकणात आला तो या कुलपापायी. मुंबईचा पैसा, शेजाऱ्याची चढाओढ, 'पक्कं घर' या शब्दाची भूल हे सगळं त्यात होतं, नाही असं नाही. पण गावच्या गवंड्याने मला जे सांगितलं ते जास्त खरं आहे. म्हणाला, "ताई, कौला परतूक माणूस खंय गावतत आता? स्लॅब घाला, कुलूप मारा आणि निवांत मुंबयक जावा." याला उत्तर काय द्यायचं? वर्षातले दहा महिने कुणी राहणार नाही असं घर हवंय, असं गिऱ्हाईक कधी तोंडाने सांगत नाही. मागतो मात्र तो तेच.

शिवाय वादळं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं तेव्हा दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत कौलं आणि पत्रे पानांसारखे उडाले, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ज्याच्या घराला स्लॅब होता त्याच्याकडे शेजारपाजार जाऊन बसला. त्या दिवसानंतर तिकडच्या माणसाला 'मातीचं घर बांधा, पर्यावरण वाचवा' असं सांगायला जायची माझी तरी छाती नाही.

पण स्लॅबलाही माणूस लागतो, फक्त तो उशिरा लागतो. किनाऱ्याजवळच्या पंचवीस-तीस वर्षांच्या स्लॅबखाली उभं राहून वर बघा. आधी पिवळट-तांबूस डाग दिसतात, सरळ रेषेत, कारण वर सळई सरळ रेषेत असते. मग रंगाचे पोपडे. मग एक दिवस ताटाएवढा तुकडा खाली पडतो आणि सळई उघडी पडते, फुगलेली, बोटाने पापुद्रे निघतात अशी. काँक्रीट जात्याच अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या लोखंडावर एक पातळ संरक्षक थर राहतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड आत झिरपलं की तो थर तुटतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि ती जागा करून घ्यायला भोवतालचं काँक्रीट फोडतं. त्यातून रेती खाडीची, नीट न धुतलेली असेल तर मीठ बाहेरून यायचीही गरज नाही. आपणच पाट्या भरभरून आत घातलेलं असतं. कौल फुटलं तर कौल बदलता येतं. कुजलेला स्लॅब बदलता येत नाही, तो पाडावा लागतो.

आणि तो पाडून नवा घालायचा म्हणजे पुन्हा सिमेंट. चुनखडी भाजताना तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. शंभर वर्षं टिकणाऱ्या बांधकामासाठी हे एकवेळ समजू शकतं. तीस वर्षांत डोक्यात पडणाऱ्या छपरासाठी, तेही दहा महिने रिकाम्या घरावरच्या, फार होतं.

तर पत्रा. स्लॅबच्या डोक्यावर हे इरलं आलं आणि एका फटक्यात बऱ्याच गोष्टी सुटल्या. पाऊस स्लॅबपर्यंत पोचतच नाही, साचणं-झिरपणं बंद. एप्रिल-मेचं ऊन पत्र्यावर पडतं, मधल्या मोकळ्या जागेतून वारा तापलेली हवा घेऊन जातो, म्हणून खालच्या खोलीत रात्री अंगावर येणारी धग कमी. नुसत्या पत्र्याच्या घरात आषाढात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. इथे मधे स्लॅब असल्याने आवाज वरच्या वर राहतो. आणि फुकटात एक मजला मिळतो. तिथे पेंढ्यात आंबे पिकतात, सोलं वाळतात, पावसात कपडे वाळतात, गणपतीला चुलत-मावस मिळून वीस-पंचवीस पोरं गाद्या टाकून झोपतात. खालच्या नव्या घरातून हद्दपार झालेली पडवी जिना चढून गच्चीवर येऊन बसली.

ही युक्ती जगाला ठाऊक आहे आणि तिला मोठं बक्षीसही मिळालेलं आहे. बुर्किना फासो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशात गांदो नावाचं खेडं आहे. तिथला फ्रान्सिस केरे बर्लिनला वास्तुकला शिकायला गेला आणि शिकता शिकताच त्याने गावासाठी शाळा बांधली. ती २००१ मध्ये पुरी झाली. मातीच्या विटांच्या भिंती, विटांचंच फटी ठेवलेलं छत आणि त्याच्या वर, बरंच अंतर सोडून, पत्रा. पत्रा पेलायला त्याने बांधकामाच्या साध्या सळया वेल्डिंग करून कैच्या, म्हणजे छपराचे सांगाडे, केल्या, कारण त्या गावातल्या माणसांना करता येण्यासारख्या होत्या. तापलेली हवा छताच्या फटींतून वर जाते आणि पत्र्याखालून निघून जाते. २०२२ मध्ये वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक मिळालं तेव्हा ते मिळवणारा तो पहिला आफ्रिकी ठरला.

केरेची मला सर्वांत जवळची वाटणारी इमारत वेगळी आहे. कुदुगू शहरातलं लिसे शोर्ज हे माध्यमिक विद्यालय, २०१६ चं. त्याच्या भिंती आपल्या जांभ्याच्या आहेत! म्हणजे तिथल्याच खाणीतल्या लॅटराइटच्या, पण फोटो पाहिला की हात लावावासा वाटतो इतका ओळखीचा दगड. जमिनीतून काढताना मऊ, करवतीने कापला जाणारा. मोकळ्यावर वारा-ऊन खात पडला की टणक होणारा. आपल्याकडे हे गवंड्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. केरेने त्यावर गिलावा केला नाही. आपण करतो. पाच-सहा पिढ्या उघड्या राहिलेल्या चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा, वर प्लास्टिकचा रंग. भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि श्रावणात आतून बुरशीचे नकाशे उमटतात. दरजा भरून चिरा उघडा ठेवायला गवंडी चांगला लागतो, हे खरं. गिलाव्याखाली सगळं झाकलं जातं.

बाहेरचं सगळंच आपल्याला चालतं असंही नाही. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादेत 'संगत' हे आपलं ऑफिस अर्धवट जमिनीत दडवून वर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांनी मढवलेले लांब घुमट केले, तिथल्या कोरड्या उन्हाला ते उत्तम. जन्माने पुणेकर असलेल्या दोशींना २०१८ चं प्रित्झकर मिळाल्यावर तसे घुमट काढून दाखवा म्हणणारे लोक आमच्या ऑफिसात आले होते, त्यांतला एक रत्नागिरीचा. अर्धं जमिनीत गेलेलं घर रत्नागिरीत जुलैत विहीर होईल. केरेचा देशही कोकणापेक्षा फार कोरडा. त्याचा पत्रा आपल्याकडे आणायचा तर वाऱ्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा. कडेला पत्रा फार बाहेर काढला तर वादळाला तीच मूठ सापडते. आणि खाऱ्या हवेत पत्र्याआधी स्क्रू जातो. आधी त्याखालचा रबरी वायसर कडक होऊन चिरतो, मग स्क्रूभोवती नाण्याएवढं लाल वर्तुळ धरतं. ते दिसलं की पत्रा पुढच्या मोठ्या वाऱ्याची वाट बघतोय असं समजावं.

आता जांभा. 'स्थानिक साहित्य वापरा' हे वाक्य ऐकायला इतकं निरुपद्रवी आहे की पुढे कोणी विचारत नाही. चिरा येतो सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून. मशिनची चाती रुळांवरून फिरतात, कातळात उभ्या-आडव्या खाचा पडतात, लाल धुरळा उडतो आणि सड्यात सरळ काठांचे चौकोनी खड्डे उतरत जातात. सडा उन्हाळ्यात ओसाड दिसतो म्हणून तो कुणाला काहीच वाटत नाही. पण पहिल्या पावसानंतर त्याच कातळाच्या खळग्यांत गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, आणि तिथे मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या झऱ्यांना, विहिरींना येतं. त्याच कातळावर कशेळी, बारसू, उक्षी, मालवण तालुक्यातलं कुडोपी इथली कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आजोबांच्या काळी घरापुरता चिरा काढायचे, तोही हाताने, आणि एकदा काढला की तीन पिढ्या पुरायचा. आता जांभा ट्रकांतून कोकणाबाहेर जातो. तेव्हा सर्वांत हिरवा चिरा कुठला, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, पडक्या घराचा. वाडीत अशी कितीतरी जोती आहेत, भिंती उभ्या, छप्पर गेलेलं. चिरे काढून, तासून पुन्हा लावता येतात. काँक्रीटच्या भिंतीचं असं काही होत नाही. पण ते चिरे कोणाचे, हा प्रश्न आला की काम थांबतं.

तिथे वास्तुकला संपते आणि सातबारा सुरू होतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत केली, तीत लहान लहान अंगणांभोवती सात-सात घरं ठेवली. घर दुसऱ्याच्या भिंतीला चिकटवलं नाही, कारण ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने ते वाढवावं. बांधकाम साध्या गवंड्या-सुताराला जमेल असं. लोकांनी खरंच वाढवलं, बदललं, कित्येकांनी मूळ घर पाडून उंच इमले चढवले, आणि त्यावर वास्तुविशारद मंडळी अजून हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं फारसं दिसत नाही. कोरियांनी घर वाढणार हे धरलं होतं आणि ते वाढलं. गावाकडचं घर वाढत नाही, त्याचे हिस्से होतात. आमच्या घराच्या उताऱ्यावर इतकी नावं आहेत की सगळ्यांना एका वेळी खळ्यात उभं केलं तर गणपतीची आरती वाटेल. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? जो करेल तो पुढे मालकी सांगेल, अशी बाकीच्यांना भीती. म्हणून कोणीच करत नाही. वाळवीने खाल्ली त्याहून जास्त घरं या भीतीने खाल्ली असतील.

गेल्या गणपतीत आम्ही एकदाचे बसलो. माझं म्हणणं असं होतं की स्लॅब नको, आणि नुसती कौलंही नकोत. भिंती आहेत त्या ठेवू. कुजलेले वासे काढू, लोखंडी पाइपांच्या कैच्या घालू, त्यावर गॅल्व्हल्यूमचा (जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला) पत्रा आणि पत्र्यावर रिपा मारून आपलीच जुनी कौलं. असं आता पुष्कळ जण करतात, माझा काही शोध नाही. कौल सरकलं तर पाणी पत्र्यावर पडेल आणि पागोळीवाटे खळ्यात जाईल. वाशाला ओल लागणार नाही, कारण वासाच नाही. वांदरांनी दहा कौलं फोडली तरी गणपतीपर्यंत घर थांबू शकेल. आतून पत्रा दिसू नये म्हणून माणगा बांबूच्या चिव्यांचं छत. माणगा भरीव आणि सरळ, कुडाळला बांबूवर प्रक्रिया करणारे आहेत. कच्चा बांबू लावला तर त्यातल्या पिठूळ सत्त्वासाठी भुंगा येतो आणि दोन वर्षांत जमिनीवर पीठ सांडतं. पूर्वी बांबू पाण्यात बुडवून ठेवत ते यासाठीच.

चुलतबहिणीने पाण्याचं काढलं. हजार चौरस फूट छपरावर आपला पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी, आणि मे महिन्यात आपण टँकर बोलावतो! सगळं साठवणं अशक्य. पण गाळून विहिरीत सोडलं आणि एक टाकी भरून ठेवली तरी आंब्याच्या दिवसांत भागेल. धाकट्या भावाला सौर पॅनल हवेत. २०२४ पासून केंद्राच्या योजनेत घरगुती छपराला जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान आहे. कौलांवर ती बसवायला कोणी तयार होईना, म्हणून गोठ्याच्या पत्र्यावर घालायची ठरली, गुरं तशीही नाहीत. बंद घर दहा महिने वीज तयार करून तारेत सोडत राहणार, ही कल्पना सगळ्यांनाच एकदम आवडली. काकीने विचारलं, घरात कोण नाय तर तो करंट जातलो खंय? तिला समजावण्यात एक पूर्ण चहा गेला आणि तरी तिचं समाधान झालं नाही.

खर्चाच्या वाटणीवर भांडण होईल असं वाटलं होतं, ते झालं नाही. अडलं भलतीकडेच. सौर पॅनलच्या अर्जाला वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर लागते, आणि आमचं बिल अजून आजोबांच्या नावाने येतं. नाव बदलायचं तर सगळ्या वारसांची संमती हवी. कागद तयार करून मी सगळ्यांना पाठवले. पुण्याचे आले, वसईचे आले, ठाण्याच्या चुलतभावाने 'बघतो' असं कळवलंय.